फुली तिथे सही

माझी चाळिशी उलटली होती, थोरला दहावीला होता, केसांना मेंदी लावायला लागूनही काही वर्षं झाली होती, आणि अशा वयात मी एका नव्या कंपनीला लेखी कळवलं, की या आर्थिक वर्षात मी याआधी कुठेही नोकरी केलेली नाही. प्रत्यक्षात त्याच वर्षी एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत मी मार्केटयार्डाजवळच्या एका कारखान्याच्या ऑफिसात रोज सकाळी हजेरीपटावर सही करत होते. हे माझ्या नवऱ्याला माहीत होतं, सासू-सासऱ्यांना माहीत होतं, कोपऱ्यावरच्या भाजीवाल्याला तर माझी बसची वेळसुद्धा पाठ होती. नाही म्हणून लिहून देणारी एकटी मीच. खोटं ठरवून बोलले असते तर थोडी तरी अक्कल दिसली असती. मी तो कागद वाचलाच नव्हता. फुली दिसली, सही केली.

फुलीचं सांगते. आमच्या घरात कराचे कागद मामंजी बघत. मामंजी म्हणजे माझे सासरे. सरकारी कचेरीत दुसऱ्यांचे हिशेब तपासण्यात त्यांचा जन्म गेला होता आणि ते निवृत्त झाले ते फक्त पगारापुरते. आम्ही पेठेतली जागा सोडून बिबवेवाडीत फ्लॅट घेतला तेव्हा त्यांचं लोखंडी कपाट सगळ्यांत आधी वर चढलं. गॅस नंतर. दरवर्षी उन्हाळा सरत आला की ते जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र अंथरून बसत आणि घरातल्या सगळ्यांची विवरणपत्रं भरत. स्वतःचं, ह्यांचं, माझं, आणि काही ठेवी सासूबाईंच्या नावावर ठेवल्या होत्या म्हणून त्यांचंही. भरून झालं की जिथे जिथे सही हवी तिथे पेन्सिलीने बारीक फुली मारत आणि हाक देत. आम्ही ओले हात पदराला पुसत यायचो, फुल्यांवर सह्या करायचो आणि परत कुकरकडे जायचो. मागून ते खोडरबराने फुल्या पुसून टाकत. 

नवीन लग्न झालं होतं तेव्हा मी एकदा विचारलं होतं, "मामंजी, यात काय लिहिलंय?"

"तुझं नाव. बरोबर लिहिलंय," ते म्हणाले.

मी खूश होऊन सही केली. त्या वेळची मी अशीच होते. नाव बरोबर आहे म्हटल्यावर आणखी काय पाहिजे, असं मला खरोखर वाटलं असणार.

कारखान्याच्या ऑफिसात मी स्टेनो. साहेब स्वतःच मालक. ते बोलायचे, मी लघुलिपीत उतरवायचे आणि टाइप करायचे. साहेबांचं इंग्रजी असं होतं की त्यांनी सांगितलेलं जसंच्या तसं पाठवलं असतं तर परदेशातलं एकही गिऱ्हाईक उरलं नसतं. मी ते सरळ करून पाठवायचे. खाली सही साहेबांची. मग ऑफिसात कॉम्प्युटर आला. त्याच्यावर रुमाल घालून ठेवायचे, उदबत्तीही ओवाळली होती एकदा. हात लावायला कोणी तयार नाही. मी लावला. काही बिघडलं नाही. हळूहळू सगळी पत्रं त्याच्यावर व्हायला लागली आणि साहेब गिऱ्हाइकांना माझ्याकडे बोट दाखवून सांगायला लागले, "आमचं कॉम्प्युटर डिपार्टमेंट." डिपार्टमेंटचा पगार मात्र स्टेनोचाच राहिला.

तेव्हा पुण्यात बंगल्या-बंगल्यांतून कॉम्प्युटर कंपन्या निघत होत्या. खाली मालक राहतो, वर पोरं प्रोग्रॅम लिहितात, जिन्यात चपलांचा ढीग. कर्वे रस्त्याच्या बाजूच्या अशाच एका कंपनीची जाहिरात मी वाचली. प्रोग्रॅम कसा वापरायचा हे साध्या इंग्रजीत लिहिणारं माणूस हवं होतं. अर्ज केला. मुलाखत घेणारा माझ्या धाकट्या भावापेक्षाही लहान होता. त्याने मला एक पान लिहायला दिलं आणि वाचून झाल्यावर विचारलं, "तुम्ही कधी जॉइन होऊ शकता?" घरी येईपर्यंत बसमध्ये मी ते वाक्य किती वेळा मनात म्हटलं, ते विचारू नका.

रात्री जेवताना सांगितलं. आमचे हे बँकेत होते, त्यांनी पगार ऐकला आणि घास तसाच हातात धरला. मामंजींनी ताक संपवलं.

"पेन्शन आहे?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"ग्रॅच्युइटी?"

"पाच वर्षं टिकलं तर."

"कंपनी टिकली तर, की आपण टिकलात तर?"

एरवी ते मला 'अगं' म्हणत. 'आपण' आलं की समजायचं, आता फटका बसणार. एरवी मी गप्प बसले असते. त्या दिवशी बसले नाही. म्हटलं, "दोघीही टिकू. आणि मामंजी, नव्या नोकरीचे कागद आता माझे मी बघेन."

सासूबाई भात वाढत होत्या. त्यांचा हात थांबला, मग पुन्हा चालू झाला. मामंजी उठले, हात धुतले, कपाट उघडलं आणि माझी फाइल आणून माझ्या ताटाशेजारी ठेवली.

"बघा," ते म्हणाले. "नुसते बघू नका, वाचाही."

मी ती फाइल उशाशी घेऊन झोपले. उशाला टोचत होती तरी काढली नाही. इतकी मूर्ख होते मी, आणि इतकी खूश.

साहेबांना राजीनामा दिला तर त्यांनी तो वाचला, चौघडी घातली आणि टेबलाच्या खणात टाकला. "कॉम्प्युटरवाल्यांचं काही खरं नसतं हो," ते म्हणाले. "जाऊन बघा. आठ दिवसांत परत याल. जागा ठेवतो." मी तिथल्या तिथे मनाशी ठरवलं, या पायरीवर पुन्हा पाय ठेवायचा नाही. महिनाअखेरीला टाइपरायटरवरचं कव्हर नीट घातलं आणि बाहेर पडले.

नव्या ऑफिसात पहिल्या दिवशी एचआरच्या मुलीने माझ्यापुढे कागदांचा गठ्ठा ठेवला. मुलगी तेवीस-चोवीस वर्षांची, बोलायला गोड. तिने मला आल्याआल्या 'काकू' म्हटलं. मी म्हटलं, "काकू म्हणणार असाल तर पगारात काकू-भत्ता धरा." ती हसली आणि मग आमची मैत्री झाली.

"सगळं स्टँडर्ड आहे," ती म्हणाली. "तुम्ही फक्त साइन करा. मी क्रॉस केलंय जिथे जिथे पाहिजे तिथे."

पेन्सिलीची बारीक फुली. माझा हात आपोआप चालला. इतक्या वर्षांची शिस्त होती त्या हाताला. मान वर न करता मी गठ्ठा संपवला आणि वर तिला म्हटलं, "झालं सुद्धा." घरच्या कपाटातून फाइल सोडवून आणणारी रणरागिणी ती हीच. त्या गठ्ठ्यात एक कागद होता, आधीच्या नोकरीतला पगार कळवायचा. तिच्याकडे येणारी सगळी पोरं थेट कॉलेजातून आलेली, म्हणून त्यावर 'याआधी नोकरी केलेली नाही' हे छापूनच ठेवलं होतं.

त्यानंतरचे महिने माझ्या आयुष्यातले फार चांगले गेले, ते सांगितलंच पाहिजे. मी लिहायचे आणि माझं लिहिलेलं माझ्या नावाने जायचं. पोरं येऊन विचारायची, हे असं का लिहिलं, तसं का नाही. मी त्यांच्याशी भांडायचे. दुपारी त्यांच्या डब्यातली इडली खायचे आणि माझी पोळी-भाजी त्यांना द्यायचे. घरी येताना खांद्याला नवी पर्स, चालण्यात उगाच घाई. सोसायटीतल्या बायकांना मी 'आमच्याकडे डेडलाइन असते' असं सांगत असे. त्यांना डेडलाइन म्हणजे काय ते माहीत नव्हतं आणि पहिले काही दिवस मलाही नव्हतं.

उन्हाळा सरत आला. कंपनीने फॉर्म सोळा दिला. वर्षभरात पगार किती दिला आणि त्यातून कर किती कापला, याचा मालकाने सही करून द्यायचा हा दाखला. मी रविवारी दुपारी जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र अंथरलं. मामंजींच्या खुर्चीवर बसले. ते पलीकडे आरामखुर्चीत पेपर तोंडासमोर धरून होते आणि पान उलटत नव्हते. मी पेन उघडलं आणि विवरणपत्र वाचायला घेतलं. जन्मात पहिल्यांदा. इतकी वर्षं ज्याच्यावर सह्या केल्या त्यात खरंच काय काय असतं, ते मला तेव्हा कळलं. नाव तर अगदी वर, एका ओळीत संपतं.

मधल्या एका रकान्यापाशी मी थांबले. वर्षभरात ज्या ज्या मालकाकडून पगार घेतला त्या सगळ्यांचा मिळून आकडा तिथे हवा होता. सगळ्यांचा. मी नव्या कंपनीचा दाखला पुन्हा वाचला. त्यात फक्त नोव्हेंबरपासूनचं होतं, आणि कर जवळजवळ काहीच कापलेला नव्हता. आधी मला वाटलं, काय चांगली कंपनी आहे. मग हळूहळू डोक्यात शिरलं. वर्षाच्या मिळकतीतला पहिला काही भाग सरकार सोडून देतं, त्यावर कर नाही. ती सूट एका माणसाला वर्षातून एकदा. माझ्या जुन्या साहेबांनी ती मला दिली होती, आणि मी याआधी नोकरीच केलेली नाही म्हटल्यावर नव्या कंपनीनेही पुन्हा पहिल्यापासून दिली होती. हळदीकुंकवाला एकाच घरात मागच्या दाराने पुन्हा शिरून दुसऱ्यांदा ओटी भरून घ्यावी, तसं माझं झालं होतं.

"अडलं का काही?" पेपरामागून आवाज आला.

"नाही," मी म्हटलं आणि सगळं गोळा केलं.

सोमवारी एचआरच्या मुलीने माझा तो कागद काढून दाखवला. सही माझीच. वळणदार, खाली रेघ मारलेली.

"ओह," ती म्हणाली. "पण तुम्ही वाचलं असेल ना साइन करताना?"

मी म्हटलं, "तू फुली मारलीस ना."

"म्हणजे?"

आता तिला काय सांगणार.

तिने अकाउंट्समधल्या मुलाला बोलावलं. तो सीएची परीक्षा देत होता आणि त्याला जगात काहीच अवघड वाटत नसे. "मॅडम, सिंपल आहे," तो म्हणाला. "जुनी नोकरी दाखवूच नका. कोण चेक करतंय? कोणाचा कागद कोणाशी जुळतोय इथे? सोडून द्या."

मी नाही म्हटलं. त्यात देशसेवा वगैरे काही नव्हती, उगाच मोठेपणा घेत नाही. मला राग आला. साहेबांच्या नावाने मी इतकी वर्षं पत्रं लिहिली, ती जर्मनीपर्यंत गेली, खाली कुठे माझी खूण नाही. आता त्या नोकरीतले शेवटचे सात महिनेही माझ्याच हाताने नव्हतेच म्हणून लिहायचे? चुकून एकदा लिहिलं ते पुरे होतं. जाणूनबुजून मी ते लिहिणार नव्हते. भरायचं ते भरेन, पण ते महिने कागदावर येतील.

त्यासाठी जुन्या ऑफिसचा फॉर्म सोळा हवा होता. तिथे पगार पाकिटातून मिळायचा, त्यामुळे कापलेल्या कराचा माझ्याकडे दुसरा कसलाही पुरावा नव्हता. मी साहेबांना फोन लावला.

"बोला बोला," साहेब म्हणाले. "आलात का परत?"

"फॉर्म सोळा हवाय, साहेब."

"तो स्टाफला देतो आम्ही."

"मी स्टाफच होते की ऑक्टोबरपर्यंत."

"होते कसं? तुमचा राजीनामा मी मंजूर कुठे केलाय? खणात आहे. माझ्या हिशेबी तुम्ही रजेवर आहात. कामावर या, कागद घ्या." आणि फोन ठेवला.

आमच्या घरात फोन जेवणाच्या खोलीत होता, त्यामुळे फोनवर झालेलं सगळ्यांना आपोआप कळायचं. मामंजी पाणी प्यायच्या निमित्ताने आले.

"तिथल्या अकाउंटंटचे वडील आमच्या कचेरीत होते," ते म्हणाले. "मी एक फोन करतो. कागद उद्या येईल."

मला इतकं हायसं वाटलं की मी विचारलं, "उद्याच? इथे?"

"इथे म्हणजे कपाटात. फाइलही आणून दे, एकदम लावून टाकतो. तू कशाला त्रास घेतेस?"

त्यांनी ते वाईट बुद्धीने म्हटलं नाही, हे आज मला कळतं. त्यांना खरंच माझा त्रास वाचवायचा होता, आणि टोमणाही न मारता. टोमणा मारला असता तर सोपं गेलं असतं. पण फाइल एकदा त्या कपाटात परत गेली की ती पुन्हा बाहेर येणार नाही, हे मला स्वच्छ दिसलं. आणि नुसती फाइल नाही. पुढच्या वेळी मी काही नवीन करायचं म्हटलं की घरात कोणी काही बोलणार नव्हतं. नुसते कपाटाकडे बघणार होते.

"मी आणते," मी म्हटलं.

"कसा?"

"ते ठरायचंय."

"आपली मर्जी," मामंजी म्हणाले. 'आपण' परत आलं. "मुदत या महिनाअखेरीची आहे. कॅलेंडर स्वयंपाकघरात लावलेलं आहे."

त्या रात्री मला एकच गोष्ट सुचली. साहेब देत नाहीत, तर देईपर्यंत तिथे जाऊन बसायचं. सकाळी मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली. निघताना सासूबाईंनी हातात कापडी पिशवी दिली. आत गवार होती, वर एक रिकामा डबा.

"हे काय, आई?"

"बसायचंच आहे ना तिथे? मग मोडून आण. रिकामी बसलीस तर रडशील."

एरवी त्या इतक्या कमी बोलत की त्यांना माझा बेत कसा कळला, हे मी विचारलंच नाही.

तर ज्या पायरीवर पाय ठेवायचा नाही असं ठरवलं होतं, त्याच पायरीवरून मी गवारीची पिशवी घेऊन वर गेले. आत शिरल्याशिरल्या गिऱ्हाइकांसाठी एक बाक होता. त्यावर बसले, मांडीवर वर्तमानपत्र पसरलं आणि गवार मोडायला घेतली. टेलिफोनवर बसणारी माझी जुनी मैत्रीण माझ्याकडे बघत राहिली. "अगं, साहेब बघतील," ती म्हणाली. मी म्हटलं, "त्याच्यासाठीच आलेय."

साहेबांनी बघितलं. एकदा बघून आत गेले. परत बाहेर आले.

"हे काय चाललंय?"

"गवार, साहेब."

"ते दिसतंय. इथे कशाला?"

"मी रजेवर आहे ना. रजेवर माणूस काय करणार, भाजी निवडणार."

"घरी निवडा."

"घरी निवडली असती. पण मनात आलं, राजीनामा मंजूर नाही म्हणजे मी अजून इथलीच. मग नोव्हेंबरपासूनची पाकिटं साठली असतील. घेऊन जावीत. दिवाळीचा बोनसही राहिलाय माझा."

टेलिफोनवाली खाली वाकून काहीतरी शोधायला लागली. साहेब आत गेले आणि दार लावून घेतलं. मी शिरा काढत राहिले. घाबरले नव्हते असं नाही, माझी निम्मी गवार शिरांसकट डब्यात गेली होती आणि रात्री जेवताना सगळ्यांना ते कळलं. मामंजींनी एक शीर दातातून काढून ताटाच्या कडेला ठेवली आणि विचारलं, "कागद?"

"उद्या."

दुसऱ्या दिवशी पिशवीत मेथी होती. मेथीचा बाकावर पसारा फार होतो. तेवढ्यात बाहेरगावचं गिऱ्हाईक आलं, सुटाबुटातले दोघे. बसायला जागा तो एकच बाक. मी जुड्या जवळ ओढून त्यांना जागा करून दिली आणि इंग्रजीत विचारलं, प्रवास नीट झाला का. त्यांतला एकजण म्हणाला, "तुमचा आवाज ओळखीचा वाटतो. फोनवर आमच्याशी बोलायचात त्या तुम्हीच ना? आमची पत्रंही तुम्हीच लिहायचात का?" मी म्हटलं, "लिहायचे. सध्या मी रजेवर आहे." साहेब दारात उभे होते. त्यांनी दोघांना हसून आत नेलं आणि वळून अकाउंटंटला म्हणाले, "द्या त्यांना काय पाहिजे ते."

कागद टाइप करून तयारच होता. नुसती सही राहिली होती. तिथेच साहेबांनी ती केली आणि कागद माझ्यापुढे धरला. "झालं समाधान? या आता."

"वाचते," मी म्हटलं.

"त्यात काय वाचायचंय?"

मी वाचला. बाकावर मेथीचे देठ, आत गिऱ्हाईक खोळंबलेलं, साहेब पाय हलवतायत, अकाउंटंट छताकडे बघतोय, आणि मी पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत सावकाश वाचला. ऑक्टोबर महिना त्यात नव्हता.

"ऑक्टोबर राहिला, साहेब."

"एका महिन्याने काय होतंय?"

"ऑक्टोबरात मी तुमची जर्मनीची पत्रं लिहिली. तो महिना माझा आहे."

पुन्हा टाइप झाला. पुन्हा सही झाली. मी तो दुसराही वाचला, तेवढ्यासाठी त्यांना आणखी उभं ठेवलं. निघताना मी खणातला राजीनामा मागितला नाही. राहू दे त्यांच्याकडे. कदाचित अजूनही मी तिथे रजेवर असेन.

पुढचं सोपं होतं, आणि महाग. दोन्हीकडचा पगार एकत्र धरला, दुसऱ्यांदा घेतलेली सूट काढून टाकली, उशिराचं व्याज लावलं. जे निघालं ते बँकेत रांगेत उभं राहून माझ्या खात्यातून भरलं. त्या पैशांचं मी कपडे धुण्याचं मशिन घेणार होते आणि ते सोसायटीत सगळ्यांना सांगूनही बसले होते. पुढचं वर्षभर मी बाल्कनीत उभी राहून, सगळ्यांना दिसेल अशा तऱ्हेने, चादरी पिळल्या. कोणी विचारलं, मशिनचं काय झालं, तर म्हणायचे, "सरकारला दिलं."

विवरणपत्र भरून झालं तेव्हा मामंजींनी हात पुढे केला. "बघू."

"दाखवते," मी म्हटलं. "देत नाही."

मी ते टेबलावर त्यांच्यासमोर ठेवलं आणि कडेला बोट दाबून धरलं. आता आठवलं की हसू येतं, जणू ते कागद घेऊन पळणार होते. त्यांनी चष्मा पुसला. सगळं वाचलं. एका ठिकाणी थांबले.

"व्याज एका महिन्याचं जास्त भरलंत आपण."

माझं तोंड उतरलं असावं. त्यांनी चष्मा काढला.

"बाकी बरोबर आहे," ते म्हणाले. मग चष्म्याच्या काड्या मिटत, "जास्तीचं परत मागता येतं. अर्ज करावा लागेल."

"करेन," मी म्हटलं. "माझा मी."

"तेच म्हणतोय."

ते दुपारची झोप काढायला आत गेले. मी स्वयंपाकघरात आले. सासूबाई ओट्याशी शेंगदाण्याचं कूट करत होत्या. त्यांचं मराठी सातवीपर्यंत झालं होतं आणि इंग्रजी त्यांना येत नव्हतं. आतून मामंजींचं घोरणं सुरू झालं. सासूबाईंनी कुटाचा डबा बंद केला, हात धुतले आणि माझ्याकडे न बघता खिडकीतून खाली बघत म्हणाल्या,

"माझ्या नावावर काय काय आहे, ते मला एकदा सगळं वाचून दाखव. मराठीत सांग. आत्ता नको, ते झोपलेत. उठू देत, चहा होऊ दे, आणि त्यांच्यासमोरच वाच."